आबे फारिया, साडीच्या दुकानातून

आमच्या मंडळाचे वार्षिक संमेलन कसे होते हे अंत्रुज महालात, म्हणजे आमच्या फोंडा भागात, कोणाला सांगायला नको, सगळ्यांची तशीच होतात. समई पेटते, वाऱ्याने विझते, परत पेटते. पाहुणे उशिरा येतात. अहवाल वाचला जातो, हिशेबाला टाळ्या पडतात, मग शिल्लक कितीही असो. दहावी-बारावीच्या मुलांना पेन आणि पुस्तक मिळते. कार्यवाह असताना हे सगळे मी वर्षानुवर्षे निस्तरले आहे आणि त्यावर आणखी एक ओळ लिहायची माझी इच्छा नाही.

लिहायचे आहे ते शेवटच्या भागाबद्दल. एकांकिका संपून पडदा पडतो, मग तो परत उघडतो आणि माइक दिला जातो अशा एखाद्याला, जो त्या संध्याकाळी रंगमंचावर आलेलाच नाही. कधी सुतार, कधी पडदा ओढणारा, कधी वेशभूषा सांभाळणारी. आभार मानायचे नाहीत, आपण काय केले आणि कसे केले तेवढेच सांगायचे. एका वर्षी प्रॉम्प्टरने उभे राहून नटांनी खाल्लेली सगळी वाक्ये ओळीने म्हणून दाखवली. नायक बरेच दिवस त्याच्याशी बोलत नव्हता. पण तेवढा एकच अपवाद. एरवी ही माणसे माइक हातात आला की घामाघूम होतात, दोन वाक्यांत संपवतात, आणि त्या दोन वाक्यांना माझे डोळे हटकून भरतात.

करोनानंतरच्या पहिल्या संमेलनाला आमच्या मास्तरांनी आबे फारियावर एकांकिका लिहिली. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारचा पुतळा तुम्ही पाहिला असेलच. झगा घातलेला पाद्री हात पुढे पसरून उभा आणि त्या हातांखाली मागे कलंडत चाललेली बाई. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे हे काम, १९४५ सालचे. रात्री बसमधून पाहिला की लहानपणी मला भीती वाटायची. फारियाची गोष्ट शाळेत शिकवतात: १७५६ साली कांदोळीला जन्म, कोवळ्या वयात वडिलांबरोबर लिस्बनला, पुढे पॅरिसात संमोहनाचे जाहीर वर्ग, १८१९ साली तिथेच मृत्यू. मास्तरांना मात्र त्या बाईत रस होता. तिला नाव नाही. तिच्याबद्दल कोणी विचारतही नाही.

त्या काळचे संमोहनवाले म्हणायचे, आमच्या अंगातून काहीतरी अदृश्य वाहत जाते आणि समोरचा झोपतो. फारियाने ते मोडून काढले. माझ्याकडून काही जात नाही, झोप येते ती झोपणाऱ्याच्याच मनातून, असे त्याचे म्हणणे. मास्तरांनी तेच उचलून बाईच्या तोंडी घातले. एकांकिकेत पहिला प्रवेश पुतळ्यासमोरच्या फोटोवाल्यांचा. तो संपतो, माणसे निघून जातात, आणि पुतळ्यातली बाई उठून बसते. म्हणते, "झोप माझी होती, फादर. पुतळा तुमचा कसा झाला?"

म्हणजे फादर निर्जीव हवा आणि बाई सजीव, पण ती हलेपर्यंत प्रेक्षकांना तसा संशयसुद्धा यायला नको. दोघे एकाच भट्टीतून ओतल्यासारखे दिसले पाहिजेत. मास्तर लिहून मोकळे झाले. करणारे आम्ही.

वाड्यावरची नरकासुरवाली मुले म्हणाली, आम्ही करतो. दिवाळीच्या आदल्या रात्री बांबू, गवत आणि कागदाचा दोन मजली असुर उभा करणाऱ्यांना साडेपाच फुटी पाद्री म्हणजे काय! पण नरकासुर पहाटे जाळायचा असतो. तो लांबून बघायचा, ओबडधोबड असला तरी शोभतो. इथे पहिली रांग चार हातांवर बसणार आणि शेजारी खऱ्या बाईचे खरे खांदे. थर्माकोल कोरून पाहिला. त्यावर थिनरमधला रंग लागताच तो विरघळून खड्डे पडले. तेव्हा वेल्डरदादांनी सुचवले की अंग आयते आणा, कपड्याच्या दुकानातली डमी आणा.

फोंड्यातल्या एका दुकानात जुनी डमी निघाली होती. फायबरची, नाकाचा टवका उडालेली, एका हाताची दोन बोटे गायब. साडीच्या दुकानातली, त्यामुळे अर्थातच बाईची. पुरुष डमी मिळेल का म्हणून आम्ही म्हापशापर्यंत चौकशी केली, पण सांगितलेल्या किमतीत आमची अख्खी एकांकिका झाली असती. शेवटी तीच घेतली. ती कमरेत दोन तुकड्यांत सुटते, म्हणून दोन पायलटांच्या, म्हणजे मोटरसायकल-टॅक्सीवाल्यांच्या, मागे बांधून आणली. एका मोटरसायकलवर कमरेखालची, दुसरीवर वरची. वरचा भाग आणणाऱ्या पायलटाने तिला स्वतःचे जॅकेट घातले होते. लोक बघतात म्हणून लाज वाटली, म्हणाला.

काम चालले आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत. फायबर कापला की धूळ उडते आणि ती अंगाला लागली की रात्रभर खाज, म्हणून ब्लेडवर सतत पाणी सोडत, तोंडाला फडकी बांधून मुलांनी कापाकापी केली. करोनाचे मास्क घरोघरी पडून होते, ते कारणी लागले. दुकानातल्या डमीची मान ताठ असते आणि नजर गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून जाते. फारिया तर खाली, बाईकडे बघतो. म्हणून मानेतून पुढच्या बाजूने पाचर कापून काढली आणि डोके पुढे झुकवून एमसीलने बसवले. खांदे सोडवून हात पुढे वळवले, आत सळ्या घातल्या. तिची कंबर काथ्या आणि गोणपाट गुंडाळून बुजवली, खांद्यांना फोम लावून रुंदी आणली. एवढे करूनही लांबून ती हात पुढे केलेली नवरीच दिसत होती. कारण डोके. या डम्यांची डोकी अंगाच्या मानाने लहान असतात, कपडा उठून दिसावा म्हणून. शिगम्याचे चित्ररथ रंगवणाऱ्या पेंटरकाकांनी ते लगेच ओळखले. कागदाचा लगदा, फेविकॉल आणि खडूची पूड मळून त्यांनी गाल, कपाळ, हनुवटी, केस असा थरावर थर चढवला. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. आमची घाई त्यांच्या खिजगणतीत नव्हती.

हात ही या पुतळ्यातली मुख्य गोष्ट. सगळी जादू तिथे आहे असे बघणाऱ्याला वाटते. डमीचे उरलेले नाजूक पंजे मनगटातून कापून टाकले. सुती हातमोज्यांत जाड तार आणि कापूस भरून, बोटे एकेक वाकवून, वर लगदा लावून नवे केले. नमुन्याला वेल्डरदादांचेच हात. ते तासन्‌तास हात पसरून बसायचे आणि आमची आई त्यांना चहा पाजायची, अगदी कप तोंडाला लावून.

झग्याचे काम टेलरमामांकडे होते. घरोघरच्या जुन्या सुती चादरी आणि पंचे त्यांनी मागवले. टेरिकॉट परत पाठवले, कारण ते फेविकॉल पीत नाही. फेविकॉलमध्ये निम्मे पाणी घालून त्यात कापड बुडवायचे, पिळायचे आणि अंगावर सोडायचे. वाळून कडक व्हायच्या आत चुणी बसली पाहिजे, नंतर ती बधत नाही. चिमट्यांनी, सुतळीने, कुठे नुसते बोटाने धरून ते बसायचे. पंखा लावू द्यायचे नाहीत.

झगा चढला आणि पुतळा तोंडावर पडला. हात पुढे, डोके पुढे, ओले कापडही पुढे, मग दुसरे काय होणार! दुकानातल्या स्टँडची पोटरीत घुसणारी बारीक सळी एवढे वजन कुठून पेलणार? वेल्डरदादांनी चौथऱ्याच्या लोखंडी चौकटीपासून एका पायातून थेट छातीच्या पोकळीपर्यंत जीआय पाइप घातला आणि सुतारमामांनी चौथऱ्यात मागच्या बाजूला वाळूच्या पिशव्यांसाठी कप्पा केला. नाक मात्र परत करावे लागले. पेंटरकाका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

रंगाला आधी पॉलिश पेपर, डमीची चकाकी घालवायला, नाहीतर रंग धरत नाही आणि स्पॉटखाली प्लॅस्टिक म्हणून ओरडतो. मग काळपट तपकिरी अस्तर. त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने कांस्य पूड, तीसुद्धा फक्त उंचवट्यांवर: नाक, बोटांचे सांधे, चुण्यांचे कंगोरे. खोलगट भागात फिकट हिरवा डिस्टेंपर, पुसून काढलेला. ब्राँझवर पावसापाण्याने चढतो तसा. बाईचे काम करणारी आमची बँकेतली वहिनी. तिच्या गाऊनला हेच थर दिले. चेहऱ्याला आणि हातांना अर्थात नाटकाचाच मेकअप, पण मेकअपवाल्या पोराने पेंटरकाकांच्या डब्याशेजारी बसून तो रंग जुळवला होता. वहिनी जेवण झाल्यावर घरात तशीच कलंडून बसायचा सराव करायची. तिच्या सासूबाई सगळ्यांना सांगत सुटल्या, सुनेला चक्कर येते.

देवळाच्या मांडवात पाद्री उभा करणार का, असे एका वडीलधाऱ्यांनी बैठकीत विचारले. देवस्थानच्या अध्यक्षांनी वहीतून डोके वर न काढता, "आमचोच न्हय तो?" म्हटले आणि पुढचा विषय घेतला.

आता उपस्थितीबद्दल बोलते. राग धरते म्हणतात, तर म्हणोत. मुलांची नृत्ये पहिली ठेवली की आईबाप नृत्यानंतर मुलांना घेऊन घरी जातात. म्हणून ती मध्ये ठेवली, तर लोक मधेच आले आणि मधेच गेले. पणजीला आणि वास्कोला स्थायिक झालेली आमचीच मंडळी जेवणाला, खतखतें आणि मणगण्याच्या वेळेला बरोबर पोचतात. त्या वर्षी मांडलेल्या खुर्च्यांपैकी निम्म्याहून जास्त रिकाम्या होत्या. करोनाची धास्ती म्हणे. जेवणाच्या पंक्तीत ती कुठे गेली होती कोण जाणे.

जे आले त्यांनी मात्र पाहिले. वहिनी उठली तेव्हा मागच्या बाकावरचा एक आजो "आवय गे!" म्हणून उभाच राहिला. एकांकिकेत ती प्रसिद्ध गोष्टही होती. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभ्या राहिलेल्या तरुण फारियाची वाचा बसली आणि वडील खालून कोकणीत पुटपुटले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" (समोरची माणसे म्हणजे नुसती भाजी, घाबरू नको, काप) असे सांगतात ना, तीच. तिला टाळ्या पडल्या.

पडदा परत उघडला आणि माइक टेलरमामांकडे गेला. ते पुतळ्याशेजारी उभे राहिले, माइक धरला आणि गप्प. बराच वेळ गप्प. शेवटी म्हणाले, "म्हाका उलोवंक कळना." मला बोलता येत नाही. मांडवात चुळबुळ झाली. तेवढ्यात कोणी पोर ओरडले, "कातर रे भाजी, माम!" हसण्याचा एकच गडगडाट झाला. मामही हसले आणि मग बोलायला लागले.

म्हणाले, मी जन्मभर हलणाऱ्या माणसांचे कपडे शिवले. हा शिवता येत नाही. शिवण दिसली की तो डमी झाला. म्हणून मी पणजीला गेलो. सगळे समोरून फोटो काढत होते, म्हणून मी मागे जाऊन बसलो. झगा खांद्यावरून कसा उतरतो ते पाठीवरच कळते. पुढे हात आहेत, चेहरा आहे, माणूस फसतो. पाठीला फसवायला काही नाही. दुपारभर बसलो. पोलीस येऊन विचारून गेला, काय पाहिजे. मी म्हटले, माप घेतो.

मग त्यांनी दोन मुलांना बोलावून चौथरा फिरवायला लावला. नाटकात ती पाठ पडद्याकडे होती, कोणाला दिसायची नव्हती. तिथे खांद्यापासून टाचेपर्यंत एकेक चुणी उतरत गेली होती, पुढच्यापेक्षा सुबक, आणि हिरवट रंगही पेंटरकाकांनी तिथे पूर्ण दिलेला. दोघांनी आम्हाला सांगितलेसुद्धा नव्हते. आम्ही कोणी मागे जाऊन बघितलेही नव्हते. "संपलें," माम म्हणाले. "जेवण थंड जाता."

मी तोपर्यंत पदरात तोंड घातले होते.

आता मदतनीस. गेल्या स्मरणिकेत समितीकडून एक नाव सुटले आणि त्या घरातून वर्षभर वर्गणी आली नाही. तेव्हा यंदा नावे छापायचीच नाहीत असे ठरले. मी घरांनी सांगते. मास्तर. वेल्डरदादा, आणि गॅरेज आठवडाभर अर्धे बंद ठेवू देणारे त्यांचे भागीदार. सुतारमामा. पेंटरकाका आणि त्यांची पुतणी, लगदा मळणारी. नरकासुरवाली सगळी मुले, वरच्या वाड्याचीही, खालच्याही. दोन्ही पायलट. चादरी देणारी तळ्याकाठची पाच घरे, आणि टेरिकॉट दिलेले सहावे, त्यांचीही भावना होतीच. मैद्याची खळ शिजवणारी मावशी. प्रकाशयोजनेवाला भाचा. मेकअपवाला. वहिनी, तिच्या सासूबाई, आणि तालमीच्या वेळी बाळ सांभाळणारा तिचा नवरा. बाके देणारी शाळा. रात्री विजेचा घोळ झाला तेव्हा स्वतःच्या घरातून तार ओढू देणारे भटजी. टेलरमामांच्या पत्नी, ज्यांनी त्या दिवसांत दुकान एकट्यांनी चालवले, चतुर्थीच्या ऑर्डरी शिल्लक असताना. आमची आई.

फारिया आता शाळांना मिळतो. १८ जूनला, गोवा क्रांतिदिनाला, एका शाळेने त्याला झगा काढून लोहिया करायचे म्हटले. झगा निघत नाही, तो अंगाचाच झाला आहे, असे आम्ही कळवले. त्याची बोटे दर पावसाळ्यानंतर मऊ पडतात, मग वेल्डरदादा परत हात पसरून बसतात.

यंदा माइक चहाच्या काकांकडे जायचा आहे. त्यांनी अट घातली आहे की पणजीवाले शेवटपर्यंत बसणार असतील तरच बोलेन. पणजीवाल्यांना मी फोन केले आहेत. दोघांनी उचलले.