दप्तर त्याचं त्याला भरू द्या

जूनचा दुसरा आठवडा लागला की वेगवेगळ्या नंबरांवरून एकच प्रश्न येतो, "बाई, पहिलीला काय काय लागतंय?" दरवर्षी तोंडी सांगते आणि दरवर्षी ते घरापर्यंत निम्मंच पोचतं. म्हणून या खेपेला लिहूनच काढते. मी सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे, तिसरी-चौथी सरांकडे. शहरातल्या पालकांना यातलं काही लागू पडणार नाही, काही मात्र जरा जास्तच पडेल.

तर लागतं फार थोडं. पाटी, दोन-तीन पेन्सिली, एक चौकटीची आणि एक दुरेघी वही, पाण्याची बाटली, जेवायला ताट, हातरुमाल. पुस्तकं आणि गणवेश शाळेतून मिळतात. तो कंपास मात्र कृपा करून देऊ नका, ज्याचं एक बटण दाबलं की शार्पनर वर येतो आणि दुसरं दाबलं की मागचं चुंबकाचं दार उघडतं. पहिला तास त्याची उघडझाप करण्यात जातो आणि दुसरा तास ते दार कुणी मोडलं याच्या पंचायतीत. आणि पाटीची पेन्सिल पोरं खातात. हे तुम्हाला ठाऊक असेलच, कारण तुम्हीही खाल्लेली आहे. एखादं लेकरू रोजच खात असेल तर मला सांगा आणि दवाखान्यातही एकदा दाखवा.

आता दप्तर. गेल्या वर्षी पहिलीतली एक पोरगी रोज वाकून चालायची. एक दिवस तिला म्हटलं, चल, बघू तरी काय आणतेस. निघाल्या कव्हर घातलेल्या पाच वह्या, त्यातल्या चार कोऱ्या. चौथीतल्या भावाचं गाईड. दोन बाटल्या, एक पाण्याची आणि एक 'वर लागलं तर' म्हणून. आदल्या दिवशीचा ओला रेनकोट, त्याच्या घडीत चिकटलेला अर्धा बिस्किटपुडा, आणि तळाशी सहा चिंचोके, जे तेवढे तिने स्वतः ठेवलेले होते. शेजारच्या अंगणवाडीतल्या काट्यावर दप्तर ठेवलं, साडेतीन किलो. पोरगी सतरा किलोची. मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून दप्तर जड नको, असा राज्याचा शासन निर्णय २०१५ सालापासून आहे. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो असा आकडाच दिला आहे. मध्यंतरी दप्तर हलकं व्हावं म्हणून पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली गेली. माझ्या दुसरीच्या पोरांनी त्यांवर बहुतेक ट्रॅक्टर काढले. दोन वर्षांत ती पानं बंदही झाली.

पण माझा मुद्दा किलोचा नाही. त्या पोरीचं दप्तर रोज रात्री आई भरत होती. प्रेमानंच भरत होती, त्यात वाद नाही. पण वर्गात "पाटी काढा" म्हटलं की पोरगी दप्तरात तोंड घालून बसायची, आणि सापडली नाही की म्हणायची, "आईनं दिली न्हाई." पाटी तिथेच असायची. जी पोरं स्वतः दप्तर भरतात त्यांना कुठल्या कप्प्यात काय आहे ते हातालाच ठाऊक असतं. पहिले आठ-पंधरा दिवस ती काहीतरी विसरतील. विसरू देत. वर्गात माझ्याकडे जादा पाट्या आहेत, पेन्सिलीच्या तुकड्यांनी भरलेला एक डबाही आहे. विसरलेली बाटली द्यायला आजोबांनी काठी टेकत शाळेत यायची गरज नाही, शाळेत पाणी आहे.

शाळा दहाला भरते. पावणेदहाला या, पण नऊला आणून सोडू नका. फाटकाला तेव्हा कुलूप असतं आणि समोरून उसाचे ट्रॅक्टर जातात. आत आल्यावर काय करायचं याची आमची साखळी ठरलेली आहे. चपला दाराबाहेर रांगेत, टाचा भिंतीकडे. बाटली खिडकीत. दप्तर भिंतीला लावून. मग बस्करपट्टीवर आपल्या जागी. ऐकायला काहीच नाही, पण पहिलीच्या पोरांना हे चार टप्पे अंगात मुरवायला जुलै उजाडतो. शासनाच्या नियमाप्रमाणे ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल पहिलीत येतं, म्हणजे जूनमध्ये काहीजण जेमतेम साडेपाचचे असतात. त्यांची डावी-उजवी चप्पल अजून ठरायची असते. मी चपला घालून देत नाही. दुसरीतली पोरं शिकवतात, आणि शिकवताना असा काही रुबाब दाखवतात की बघत राहावं.

याच दिवसांत पालकांचा जीव वर-खाली होतो. "बाई, तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला एबीसीडी संपली, तुमचं अजून अ आ बी न्हाई?" नाही, आणि ते मुद्दामच नाही. पहिलीचे सुरुवातीचे तीन महिने खेळ, गाणी, चित्रं, गप्पा यांतून तयारी करून घ्यायची, असा 'विद्याप्रवेश' नावाचा कार्यक्रम २०२१ पासून सरकारनंच आखून दिलेला आहे. शिवाय निपुण भारतचं, म्हणजे लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीच्या केंद्राच्या मोहिमेचं, पहिलीचं लक्ष्य काय, तर वर्षाअखेरीला मुलानं चार-पाच सोप्या शब्दांची ओळखीची नसलेली वाक्यं वाचावीत आणि ९९ पर्यंतचे अंक वाचावेत, लिहावेत. वर्षाअखेरीला. जुलैत नव्हे. तोवर तुमचं पोरगं सात जणांच्या गोलात बसून दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प राहायला शिकत असेल, तर ते शिकतंच आहे. मोठ्यांच्या ग्रामसभेत ते कुणाला जमतं ते एकदा बघून या.

परिपाठ झाला की हजेरी. माझ्याकडे हजेरीला 'हजर' म्हणायचं नाही, सांगेन तो शब्द सांगायचा. आज भाजीचं नाव, उद्या पाहुण्यांच्या गावाचं. एकानं आठवडाभर रोज 'वांगं'च सांगितलं. घरी वांग्याचाच वाफा होता, बिचारा खोटं बोलत नव्हता.

वर्गाचे नियम मी भिंतीवर लावलेले नाहीत. बहुतेकांना अजून वाचता येत नाही, मग लावायचे तरी कुणासाठी? नियम तोंडी आहेत आणि थोडेच आहेत. एकजण बोलताना बाकीच्यांनी ऐकायचं. वस्तू जिथली तिथे ठेवायची. कुणी कुणाला मारायचं नाही. आणि लघवीला जाताना परवानगी मागायची नाही. दाराजवळ खिळ्याला दोन लाकडी चकत्या अडकवल्यात, एक लाल, एक पिवळी. मुलीनं लाल घ्यायची, मुलानं पिवळी, जाऊन यायचं आणि चकती परत अडकवायची. खिळा रिकामा असला की थांबायचं. ही सोय केली कारण पोरी विचारायला लाजतात, मग दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि घरी जाऊन पोट दुखतं म्हणून रडतात. सुरुवातीला सगळ्यांनाच दर पाच मिनिटांनी जायचं असतं. चकतीची मजा. आठवड्यात ती ओसरते.

'मारायचं नाही' हा नियम मलाही लागू आहे, आणि इथे पालकांशी माझं दरवर्षी वाजतं. पहिल्याच दिवशी एखादे वडील पोराला पुढे ढकलून म्हणतात, "बाई, दोन लावा पण शिकवा." वर पोरासमोरच, "बाईंस्नी सांगीन हां!" शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना मनाई आहे, हे मी सांगते. ते "व्हय व्हय" म्हणतात आणि जाताना पुन्हा तेच बोलून जातात. कायदा राहू द्या बाजूला. घरी जेवला नाही, झोपला नाही, टीव्ही बंद केला नाही की बाईंचं नाव काढायचं, आणि सकाळी त्याच बाईंकडे हसत जा म्हणायचं, हे पोराला जमणार कसं? माझ्या नावानं भीती घालू नका एवढं तरी पाळा.

दुपारची खिचडी. पीएम पोषण या शाळेतल्या जेवणाच्या सरकारी योजनेतून पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य मिळतं, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशोब. वाढण्याआधी आम्ही चव घेतो आणि वहीत नोंदवतो. आमच्या स्वयंपाकीण मावशींच्या हाताला चव आहे, त्यामुळे ती नोंद करायला मला कंटाळा येत नाही. हात धुवायचे, ताट घेऊन रांगेत बसायचं, आधी थोडं घ्यायचं, लागलं तर परत मागायचं, ताट आपलं आपण घासायचं. घरी ज्याला आजी मोबाईल दाखवत भरवते तोच पोरगा इथे दुसऱ्यांदा ताट पुढे करतो. आजी येऊन खिडकीतून बघून गेल्या एकदा. विश्वास बसत नव्हता त्यांचा. डब्यात सोबत काही द्यायचंच असेल तर शेंगदाण्याचा लाडू द्या. कुरकुरीत पुडा एकानं आणला की बाकीच्यांची खिचडी उरते.

झोपेबद्दल बोलायचं तर २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी विषय काढला की लहान मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदला. पुढच्या फेब्रुवारीत शासनानं चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं काढलं. आमची शाळा मुळात दहाची, तरी अकरा वाजता बस्करपट्टीवर दोघं-तिघं पेंगतातच. विचारलं की कळतं, रात्री पप्पांच्या फोनवर गाडीचा गेम. मी त्यांना उठवत नाही, झोपू देते. पण मग तो गणिताचा तास त्यांना घरी कोण शिकवणार?

गृहपाठावर वेगळं लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त मेसेज याचेच. "बाई, आज काय दिलंय?" काही नाही. दप्तर धोरणातच दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हटलंय, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, रोज नव्हे. यावर मला ऐकायला मिळतं, "मग पोरगं संध्याकाळी नुसतं हुंदडतंय." हुंदडू दे की. मी कधीमधी काम देते, ते लिहायचं नसतं. घरात वाट्या किती आणि ताटं किती, कोणती जास्त. गोठ्यातल्या जनावरांचे पाय मोजून या. आजीला विचारून या की ती शाळेत जायची का. या शेवटच्या प्रश्नाची उत्तरं घेऊन पोरं आली तो तास मला वाट्टेल तेवढा लांबवावासा वाटला. एक म्हणाली, "माझी आजी शाळेत न्हाई गेली, पण तिला पैसं मोजता येत्यात." दुसऱ्याची आजी चौथीपर्यंत आमच्याच शाळेत होती, आणि तिच्या बाईंचं नाव तिनं नातवाकडून सांगून पाठवलं होतं.

आणि चित्र, मातीकाम, पताका असलं काही सांगितलं तर ते पोरालाच करू द्या. पंधरा ऑगस्टच्या आधी एका घरातून थर्माकोलचा लाल किल्ला आला, आत लाईट लागणारा. तो मुलगा किल्ल्याला हात लावायलाही घाबरत होता, मोडला तर वडील रागावतील म्हणून. त्याच्या शेजारणीनं चिखलाचं काहीतरी आणलं होतं, तिच्या मते ते विमान होतं. मी विमान पुढे ठेवलं. किल्ल्याच्या मालकांना ते फारसं आवडलं नाही.

गैरहजेरीचं सांगते. पेरणीत आई-वडील रानात, धाकटं सांभाळायला पहिलीतली ताई घरी, हे अजून होतं. तसं असेल तर धाकट्याला अंगणवाडीत सोडा, ती आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. डिसेंबरात पुसेगावची यात्रा आली की वर्ग निम्मा ओस. तिथे मी भांडत नाही, परत आल्यावर बैल आणि पाळण्यांवर आठवडाभर भाषा शिकवते. मेंढरं घेऊन दिवाळीनंतर बाहेर पडणाऱ्या घरांनी मात्र जाण्याआधी मला भेटाच. पोर आजीजवळ ठेवता येत असेल तर उत्तम. नेणारच असाल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, जिथे मुक्काम पडेल तिथल्या शाळेत ते दाखवलं की मुलाला बसवून घेतात.

पालकसभेला आया येतात, वडील शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीपुरते उगवतात. कायद्यानं समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. आमच्याकडे महिला सह्या करतात आणि त्यांचे मालक बोलतात. यंदा त्या बोलतील असं बघणार आहे, मालकांनी चहा आणावा.

रजा कळवायची तर सकाळी नऊच्या आत फोन करा. त्या वेळी मी भाकरी थापत असते, उचलला नाही तर मेसेज टाका. ग्रुपवर गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात नकोत, त्यांच्या खाली मेसेज गाडला जातो. ताप असेल तर पोराला पाठवू नका. जत्रेचं नवं घड्याळ दाखवायचं असेल तर जरूर पाठवा.