हातचा मागे ठेवण्याची युक्ती

मर्सेन संख्या (२ च्या एखाद्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या) मूळ आहे की नाही हे तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम गेले काही महिने मी फावल्या वेळात लिहितो आहे. त्यामागची लुकास-लेहमर कसोटी शाळकरी मुलालाही करून पाहता येईल इतकी सरळ आहे. ४ पासून सुरुवात करायची, वर्ग करून त्यातून २ वजा करायचे, तपासायच्या संख्येने भागून बाकी घ्यायची आणि त्या बाकीवर पुन्हा तेच करायचे. २ चा पाचवा घात उणे १, म्हणजे ३१ घेतली, तर ४ वरून १४ येतात, १४ वरून १९४, म्हणजे बाकी ८, आणि ८ वरून ६२, म्हणजे बाकी शून्य. घातांकापेक्षा दोनने कमी इतक्या पायऱ्यांनंतर शून्य आले की संख्या मूळ.

अवघड आहे तो वर्ग. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या विक्रमी मूळ संख्येचा घातांक १३,६२,७९,८४१ असून तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एवढ्या मोठ्या संख्येचा शाळेतल्या रीतीने एक वर्ग करायचा म्हटला, तरी अंकाअंकांचे सुमारे १,६८० लाख कोटी गुणाकार होतात, आणि असे वर्ग तेरा कोटींहून अधिक वेळा करावे लागतात.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो १२३ गुणिले ४५६ हे साधे उदाहरण हातचा न घेता मांडल्यावर. एककाच्या घरात १८, दशकाच्या घरात २७, मग २८, १३ आणि ४ असे आकडे तसेच राहू दिले आणि हातचे सगळ्यात शेवटी पुढे सरकवले, तर ५६,०८८ हे उत्तर बिनचूक येते. म्हणजे गुणाकार हा मुळात दोन बहुपदींचा गुणाकार असून हातचा ही नंतरची आवराआवर आहे. (वैदिक गणिताच्या वर्गांत शिकवली जाणारी ऊर्ध्वतिर्यक् रीत हीच मांडणी वापरते, तोंडी हिशेबाला ती सोयीची असली, तरी नऊ गुणाकारांचे आठ काही ती करत नाही.)

खरी बचत पुढे आहे. बहुपदीचे सहगुणक गुणण्याऐवजी ठरावीक बिंदूंवरच्या तिच्या किमती काढल्या, तर त्या किमती जोडीजोडीने गुणल्या आणि त्यांवरून उत्तराचे सहगुणक परत काढले की काम झाले. हे बिंदू एकची संमिश्र मुळे असे निवडले, की सम आणि विषम स्थानांचे सहगुणक वेगळे काढून प्रश्न अर्धा होतो, मग त्याचाही अर्धा, आणि वर्गाच्या प्रमाणात वाढणारे काम जवळजवळ लांबीच्याच प्रमाणात येते. कूली आणि ट्युकी यांनी १९६५ मध्ये मांडलेला फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म तो हाच. शेनहागे आणि स्ट्रासेन यांनी १९७१ मध्ये तो प्रचंड पूर्णांकांच्या गुणाकारासाठी वापरून दाखवला.

मर्सेन संख्यांना आणखी एक सवलत मिळते. बाकी घेताना भागाकार करावाच लागत नाही, कारण वरचे बिट (संख्या ० आणि १ मध्ये लिहिल्यावरचे अंक) खालच्या बिटांत मिळवले की बाकी हाती येते, आणि ट्रान्सफॉर्म स्वभावतःच चक्राकार असल्याने हे मिळवणे आपोआप होते. फक्त घातांक मूळ असल्यामुळे त्याचे सारखे तुकडे पडत नाहीत. यावर क्रँडॉल आणि फेगिन यांनी १९९४ मध्ये सुचवलेला उपाय मला सर्वांत सुंदर वाटतो: तुकडे असमानच ठेवायचे आणि प्रत्येकाला २ च्या अपूर्णांकी घाताचे वजन लावायचे. १२७ बिटांचे आठ तुकडे करताना सात तुकडे १६ बिटांचे आणि एक १५ बिटांचा होतो. दुसऱ्या तुकड्याचे वजन २ चा एक-अष्टमांश घात. हे कागदावर मांडून पाहण्यात माझा एक अख्खा रविवार गेला.

त्यानंतर प्रोग्रॅमने मला तोंडघशी पाडले. गणितज्ञ राफेल रॉबिन्सन यांनी जानेवारी १९५२ मध्ये स्वॅक या संगणकावर मूळ ठरवलेली ५२१ घातांकाची संख्या माझ्या यंत्राने बेधडक संयुक्त ठरवली. मी सोळाच तुकडे केले होते, म्हणजे प्रत्येकी ३२-३३ बिट. त्यांचे गुणाकार ६४ बिटांच्या पलीकडे जातात, आणि ट्रान्सफॉर्म ज्या दुहेरी अचूकतेच्या तरंगत्या दशांश संख्यांत (डबल) चालतो, त्यांत ५३ बिटच मावतात, त्यामुळे उत्तरे पूर्णांकाच्या जवळपासच येतात. जवळचा पूर्णांक घेताना चूक अर्ध्यापेक्षा कमी राहिली तरच हातचा खरा, हे मी वाचले होते, पण ती चूक छापून पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते. बत्तीस तुकडे केल्यावर ५१९ व्या पायरीला शून्य आले. आता प्रत्येक पायरीची सर्वांत मोठी चूक पडद्यावर उमटते, आणि मी ६०७ कडे वळलो आहे.