कापड कुठे हार मानतं

कपड्याच्या आत, मानेपाशी किंवा कुशीच्या शिवणीत, एक छोटी पट्टी शिवलेली असते. टोचते म्हणून बहुतेकजण ती कापून टाकतात. मला ती आधी वाचायची खोड आहे. पाण्याचा टब म्हणजे धुवा, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोनात गोल म्हणजे ड्रायर. इस्त्रीच्या चित्रात एक टिंब असेल तर कमी तापलेली, दोन असतील तर मध्यम, तीन असतील तर कडक. इथवर सगळं सरळ असतं. गोंधळ सुरू होतो तो कापडाच्या आकड्यांपाशी.

शर्टाचं कापड असेल तर काउंट सांगतात: ४०, ६०, १००. हा आकडा वाढला की सूत बारीक होतं. पाठीवरच्या सॅकचं किंवा तंबूचं कापड असेल तर डेनिअर सांगतात: ४०, २१०, १०००. हा वाढला की धागा जाड होतो. म्हणजे एकीकडे शंभर म्हटलं की तलम आणि दुसरीकडे हजार म्हटलं की राकट. काउंट काढताना वजन ठरलेलं असतं आणि लांबी विचारली जाते: एक पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी निघतात? डेनिअर काढताना लांबी ठरलेली असते आणि वजन विचारलं जातं: ९,००० मीटर धागा किती ग्रॅम भरतो? दोन्ही आपापल्या जागी बरोबर. १०० काउंटचं सूत डेनिअरमध्ये मांडलं तर जेमतेम ५३ भरतं.

सुटाच्या लोकरी कापडावर 'सुपर १००', 'सुपर १५०' असं छापलेलं असतं, ते आणखी तिसरंच. तिथे धागा मोजत नाहीत, लोकरीचा एकेक तंतू मोजतात. सुपर १०० म्हणजे तंतूची सरासरी जाडी १८.७५ मायक्रॉनपर्यंत, आणि पुढे आकड्यात दहा वाढले की जाडी अर्ध्या मायक्रॉनने उतरते. आकडा वाचून भाव वाढतो, हातालाही कापड मऊ लागतं, पण तेच कापड लवकर चुरगळतं आणि बसण्याच्या जागी लवकर विरतं. रोज वापरायच्या सुटाला मी मोठा सुपर आकडा कधीच सुचवणार नाही. मिरवायचा असेल तर गोष्ट वेगळी.

हे आकडे वाचता वाचता माझं एक मत बनलं आहे. कपड्यांच्या दुनियेतला जवळजवळ प्रत्येक कामाचा शब्द कापड कुठेतरी हरलं म्हणून जन्माला आला आहे. कुठे फाटलं, कुठे भिजलं, कुठे ताणलं न गेल्यामुळे उसवलं, ते शोधलं की शब्द आपोआप कळतो. आणि ज्या शब्दामागे असा एकही पराभव सापडत नाही, तो बहुधा विकणाऱ्याच्या सोयीचा असतो. 'प्रीमियम' हे त्याचं ठळक उदाहरण.

चारचौघांत दिसणारा साधा शर्टच घ्या. पुढच्या पट्टीवरची काजं उभी असतात, पण पुष्कळ शर्टांत सगळ्यात खालचं काज आडवं असतं. बसलं की ताण पडतो तो कमरेखाली, आणि तो आडवा पडतो. उभ्या काजातून बटण आडव्या ओढीने निसटू शकतं. आडव्या काजात ते त्याच दिशेला थोडं सरकतं आणि काजाच्या टोकाला अडतं. गळ्याचं काजही याच कारणाने आडवं. पाठीवर खांद्यांच्या खाली जी आडवी दुहेरी पट्टी जोडलेली असते, ती योक. खांद्याचा आणि पाठीचा आकार एकाच सपाट तुकड्यात बसत नाही, म्हणून ती आली. तिच्या खाली मधोमध एक प्लेट, म्हणजे कापडाची घडी, घातलेली असते. हात पुढे ताणले की ती उघडते, नाहीतर मुंढ्यातली शिवण बोलायला लागते. शर्ट उलटा करून शिवणीत माया, म्हणजे टीपेबाहेरचं जादा कापड, किती सोडली आहे तेही पाहावं. माया नसलेला कपडा अंगाने जरा भरलेल्या माणसाला दुसरी संधी देत नाही.

पँटच्या बाबतीत हार मानण्याची जागा सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त चारचौघांत तिचं नाव कोणी घेत नाही. चार शिवणी जिथे एका बिंदूवर येऊन मिळतात, तिथे पाय उचलला की सगळा ताण त्या एका बिंदूवर येतो. कातळ चढणाऱ्यांच्या पँटमध्ये म्हणून तिथे शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा घालतात. त्याला गसेट म्हणतात, आणि अंगरख्याच्या काखेत असाच तुकडा घालणारे शिंपी त्याला चौबगला म्हणत आले आहेत. तुकडा आला की चार शिवणी एका ठिकाणी भेटतच नाहीत, ताण वाटला जातो.

खिशाच्या कोपऱ्यांचंही असंच झालं. जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने अमेरिकेत मजुरांच्या पँटींच्या खिशांना तांब्याची रिव्हेट ठोकायला सुरुवात केली, कारण ते कोपरे सारखे फाटत. पेटंटच्या खर्चासाठी त्याने ज्याच्याकडून कापड घेत होता त्या लेव्ही स्ट्रॉसला गाठलं आणि २० मे १८७३ रोजी दोघांच्या नावावर पेटंट निघालं. पुढे मागच्या खिशांवरच्या रिव्हेटनी खुर्च्या आणि खोगिरं ओरबाडली जायला लागली, तेव्हा ती आधी कापडाखाली झाकली गेली आणि नंतर गेलीच. त्यांच्या जागी आलेला, एकाच ठिकाणी दाटीने मारलेला आडवा टाका म्हणजे बारटॅक. आता तो पट्ट्याच्या लुपांवर, सॅकच्या बंदांवर, सगळीकडे असतो. सॅक घेताना मी कप्पे मोजत नाही. खांद्याचा बंद जिथे पाठीला जोडलेला असतो तिथे बारटॅक आहे की नुसतीच टीप मारली आहे, ते पाहते.

विणीचे शब्द वाचून कळत नाहीत, बोटांनी कळतात. साध्या विणीचा चौकोनी रुमाल घ्या आणि समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढा. तो हटत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, लगेच लांबतो. धागे उभे-आडवे असल्यामुळे त्यांच्या दिशेने ओढलं की ते अडून बसतात, तिरकं ओढलं की त्यांचे चौकोन कलतात. शिंपी याला उरेब म्हणतात. मुंढ्याच्या किंवा गळ्याच्या गोलाईला लावायची पट्टी उरेब कापतात ती यासाठीच, सरळ कापलेली पट्टी गोलाईवर चुण्या घालते. याउलट पँट कापताना उभी दिशा जराशी चुकली की धुतल्यावर बाजूची शिवण फिरत फिरत नडगीवर येते, आणि मग कितीही इस्त्री केली तरी ती जागेवर जात नाही. डेनिममध्ये उभा निळा धागा तीन आडव्या धाग्यांवरून जाऊन एकाखाली शिरतो, म्हणून वर निळं आणि आत पांढुरकं दिसतं. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे गुडघ्यावर घासलं की आतलं पांढरं वर येतं. या विटण्यालाच लोक जास्तीचे पैसे मोजतात, हा भाग निराळा.

पावसाच्या जॅकेटवर '१०,००० मिमी' लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की कापडावर पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ उभा करता येईल इतका दाब ते झिरपू न देता सोसतं. आभाळातून पडणारा पाऊस एवढा दाब देत नाही, पण ओल्या जमिनीवर टेकलेला गुडघा आणि खांद्यावर रुतलेला सॅकचा बंद थेंबांपेक्षा कितीतरी जास्त दाबतात. पाणी अडवून घामाची वाफ सोडणारा पडदा बॉब गोर यांना १९६९ मध्ये मिळाला. ते टेफ्लॉनच्या जातीच्या पदार्थाच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि कांड्या तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक कांडी झटक्यात ओढली, तर ती न तुटता कितीतरी पट लांबली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रं पडली. गोर-टेक्सची सुरुवात यातूनच झाली.

तरीही भर पावसात चढ चढलेला माणूस जॅकेट काढून म्हणतो, 'आतून भिजलो, गळतंय हे.' गळत नसतं. पडद्यावरच्या कापडाला पाणी झटकणारा लेप असतो, त्यामुळे नव्या जॅकेटवर थेंब मोत्यांसारखे घरंगळतात. मळाने आणि साबणाच्या अंशाने तो लेप निष्प्रभ होतो, वरचं कापड पाणी पितं, वाफेला वाट उरत नाही आणि घाम आतच जमतो. पट्टीवर परवानगी असेल तर धुऊन थोडी ऊब दिली की लेप पुष्कळदा पुन्हा जागा होतो. पण हवाच उबदार आणि दमट असेल तर पडदा कितीही भारी असला तरी हतबल होतो, कारण आत-बाहेर वाफेत फरक असला तरच ती बाहेर जाते. अशा वेळी काखेखाली दिलेली लांब चेन या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त उपयोगी पडते.

जुन्यांना काही कळत नव्हतं असंही नाही. थॉमस बर्बेरी यांनी १८७९ मध्ये दाट विणीचं गॅबर्डिन काढलं. ब्रिटिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी १९२४ मध्ये एव्हरेस्टवर गेला तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत आणि लोकर यांचे पातळ थर होते आणि सगळ्यांवर गॅबर्डिन. १९९९ मध्ये त्याचा देह सापडला. उरलेल्या तुकड्यांवरून हुबेहूब तसेच कपडे शिवून २००६ मध्ये एव्हरेस्टवर घालून पाहिले, तर ते हलके, उबदार आणि हालचालीला मोकळे निघाले. आज 'लेअरिंग' म्हणून शिकवतात ते हेच.

पिसांच्या जॅकेटवरचा आकडा तेवढा जपून वाचावा. '८०० फिल पॉवर' म्हणजे एक औंस पिसं फुलून ८०० घन इंच, जवळजवळ तेरा लिटर, जागा व्यापतात. पण जॅकेटमध्ये पिसं भरली किती, हे तो आकडा सांगत नाही. ६०० चं भरगच्च जॅकेट ८०० च्या कंजूष जॅकेटपेक्षा जास्त ऊब देतं. आणि पिसं भिजली की हे सगळे घन इंच गेले.

चेनच्या रनरमागे ३, ५, ८, १० असा आकडा असतो. तो बंद दातांची मिलिमीटरमधली रुंदी ढोबळपणे सांगतो, म्हणजे तंबूच्या दाराला किंवा जड जॅकेटला ३ नंबरची चेन लावली असेल तर पुढचं ठरलेलंच. चेन लावली तरी मागून उघडत जाते तेव्हा लोक दातांना दोष देऊन कपडाच बाद करतात. दात बहुतेक वेळा धड असतात, ढिला पडलेला असतो तो रनर. पकडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबून पाहाव्यात, आधी एक, मग दुसरी. नाहीच जमलं तर शिंपी रनर बदलून देतो.