नागपूरचे ४३ आणि ठाण्याचे ३३

मे महिना लागला की माहेरच्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला, "तुमच्याकडे किती आज?" मी म्हणते तेहतीस, की आई लगेच, "तुमचं बरं आहे बाई, इथे त्रेचाळीस झालं." आणि इकडे ठाण्यात मी आंघोळ करून बाहेर येते तर अंग पुसून होईपर्यंत परत घामाने ओलं, टॉवेल कुठला आणि घाम कुठला कळत नाही. दहा डिग्रीचा फरक आहे, मग बरं नक्की कुणाचं?

मी आठवी-नववीच्या मुलांना विज्ञान शिकवते, आणि मला मनापासून वाटतं की उष्णता आणि तापमान यातला फरक नुसता व्याख्या पाठ करून दोन मार्क घ्यायला ठेवलाय हे फार वाईट आहे, कारण उन्हाळ्यात जीव कशाने वाचतो ते त्यात आहे. थर्मामीटर सांगतो तापमान, म्हणजे पदार्थाचे रेणू सरासरी किती जोरात हलतायत ते. उष्णता म्हणजे इकडून तिकडे जाणारी ऊर्जा. आणि ही ऊर्जा कधीकधी पाऱ्याला पत्ताच न लागू देता जाते. बर्फ वितळताना बघा, पूर्ण पाणी होईपर्यंत थर्मामीटर शून्यावरच अडकून बसतो. १ ग्रॅम बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात, तेवढ्याच उष्णतेत शून्य डिग्रीचं १ ग्रॅम पाणी ८० डिग्रीपर्यंत तापलं असतं! ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६० च्या दशकात ही अप्रकट उष्णता मोजून दाखवली, तोवर लोक दोन्ही एकच समजत होते.

पाण्याची वाफ होताना तर हा आकडा अजून मोठा. आणि त्यासाठी पाणी उकळायलाच पाहिजे असं काही नाही, दोरीवरचा कपडा वाळतो तेव्हा तेच चाललेलं असतं. पाण्यातले सगळे रेणू सारख्या वेगाने पळत नाहीत, जे जास्त जोरात असतात ते पृष्ठभागावरून सुटून हवेत जातात, मागे हळू चालणारे उरतात, सरासरी खाली येते, पाणी गार होतं. ३० डिग्रीच्या आसपास १ ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण ५८० कॅलरी घेऊन जातं.

आता माठाचा हिशोब करू, मुलांना हा फार आवडतो. माठात १० लिटर पाणी, ते ३५ वरून २५ डिग्रीवर आणायचंय, म्हणजे १ लाख कॅलरी बाहेर गेल्या पाहिजेत. भागिले ५८०. उत्तर येतं १७० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जेमतेम एक पेलाभर पाणी माठाच्या अंगातून पाझरून उडालं की काम झालं. प्रत्यक्षात थोडं जास्त लागतं कारण बाहेरची गरम हवा सतत आत उष्णता ढकलत असते. म्हणूनच माठाला बाहेरून ऑइल पेंट मारून नक्षी काढलेली बघितली की मला राहवत नाही, छिद्रं बुजली की तो माठ फक्त मातीचं भांडं उरतो. बोअरच्या जड पाण्याने पण तसंच होतं, क्षार बसतात आणि दोन उन्हाळ्यांनंतर लोक म्हणतात माठ जुना झाला, गार करत नाही.

पण रेणू हवेत जातात तसे हवेतले परतही येतात. हवेत आधीच वाफ भरपूर असेल तर जाणारे आणि येणारे जवळपास सारखेच, मग गार होणार कसं? हे बघायला सोप्पा प्रयोग आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा थर्मामीटर घ्यायचा (तापाचा नको, त्याचा पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही), त्याच्या फुग्याला जुन्या सुती धोतराची चिंधी गुंडाळायची, चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत आणि वर पंखा सुरू. पारा खाली येत येत एका जागी थांबतो. माहेरी व्हरांड्यात कोरडा थर्मामीटर ४२ दाखवत होता आणि ओला २३ वर जाऊन थांबला, आईला खरंच वाटेना, तिने चष्मा लावून दोनदा बघितलं. ठाण्यात कोरडा ३३ आणि ओला २८. बस्स, इथे सगळं आलं. माठ असो, कूलर असो, घाम असो, कुणीही या ओल्या आकड्याच्या खाली जाऊ शकत नाही. वेधशाळेच्या पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत हीच जोडी असते, कोरडा आणि ओला, त्यावरूनच हवेतली आर्द्रता काढतात.

म्हणून विदर्भात कूलर म्हणजे घरातला माणूस असतो आणि मुंबईकडे तोच कूलर लावला की खोलीत नुसता दमटपणा वाढतो. विदर्भातही कूलर लावून खिडक्या-दारं गच्च बंद करणारे आहेत, त्यांना सांगा की ओली हवा बाहेर जायला समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजे, नाहीतर तासाभरात खोलीतच ठाणे तयार होतं.

आणि आपलं शरीर. बाहेर ३७ च्या वर गेलं की अंगातली उष्णता नुसत्या हवेला देऊन टाकता येत नाही, उलट हवाच आपल्याला तापवते, तेव्हा घाम वाळणं हा एकच रस्ता उरतो. घाम येणं नव्हे, वाळणं! टपटप खाली गळला तो फुकट गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेली दहाच्या वर माणसं उष्माघाताने गेली, त्या दिवशी पारा ३८ च्या आसपास होता, विदर्भात ३८ ला कुणी बातमी पण म्हणत नाही. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० पासून आणि किनाऱ्यावर ३७ पासूनच सुरू करतं, ते काही उगाच नाही.

म्हणून मी आईला आता सांगते की मोबाईलवर तापमानाच्या शेजारी आर्द्रता पण लिहिलेली असते, ती पण सांगत जा. पण तिकडचा धोका वेगळा आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. नागपुरात घाम इतक्या पटकन वाळतो की माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाहीये, अंग कोरडंठाक, म्हणून पाणी प्यायची आठवण होत नाही. पाणी तर जातच असतं, माठासारखंच, फक्त दिसत नाही. बाबा दुपारी बँकेत पायी जाऊन येतात आणि "काही घाम-बिम नाही आला" म्हणून सांगतात, तेव्हा मी फोनवरूनच म्हणते, आधी दोन पेले पाणी प्या, त्यात मीठ-साखर घाला, मग बोलू.