नळी होती, फीड नव्हतं

बाबांच्या पोटात नळी बसवलेली होती, तरी दोन दिवस तिच्यातून फीड, म्हणजे पातळ अन्न, थेंबभरही गेलं नाही. आठ महिने झाले, माझा राग अजून उतरलेला नाही.

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला कॅन्सर होता. तेवढा भाग काढून जठराचीच नळी करून वर जोडली. जोड भरून येईपर्यंत अन्न थेट लहान आतड्यात जावं म्हणून एफजे ट्यूब, म्हणजे फीडची नळी, बसवली. शुक्रवारचं ऑपरेशन छान झालं. शनिवारी राउंडला सर्जन म्हणाले, "बीपी चांगलं आहे, आजच फीड सुरू करा, ताशी वीस मिली."

अकरा वाजता सिस्टरना विचारलं. "डायटिशियन मॅडम का चार्ट आएगा, तब." मॅडम शनिवारी अर्धा दिवस, निघून गेलेल्या. संध्याकाळी ज्युनिअर डॉक्टर म्हणाले, "अभी गैस पास नहीं हुई, रुकते हैं." रविवारी किचनमधून उत्तर आलं, चार्टशिवाय फीड मिळणार नाही. केमोत अकरा किलो उतरलेला माणूस नुसत्या सलाईनवर. बाबा विचारायचे, "आज काही देतील का गं?" मावशीने रामबागेतून पाठवलेला डबा माझ्याच्याने उघडवेना.

सोमवारी मी सर्जनना दारातच गाठलं. त्यांनी फाईल उघडली. शनिवारच्या पानावर त्यांचीच ऑर्डर होती. त्यांनी मला समजावलं, की वारा सरणं ही मोठ्या आतड्याची खूण आहे. लहान आतडं ऑपरेशननंतर काही तासांतच हलू लागतं, आणि नळी तिथेच आहे. साडेअकराला फीड सुरू झालं. नंतर मी एस्पेन या युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. अशा मोठ्या ऑपरेशननंतर तोंडाने लवकर खाता येणार नसेल, तर 24 तासांच्या आत नळीने सुरुवात करावी, असं त्यात आहे. वेग ताशी 10 ते 20 मिली, आणि पूर्ण प्रमाणापर्यंत जायला 5 ते 7 दिवस लागू शकतात. म्हणजे सुरुवात लांबली की पुढचं सगळंच लांबतं.

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विचारा: फीडचा चार्ट कोण लिहिणार, आणि सुट्टीच्या दिवशी कोण? तारीख आपल्या हातात असेल तर शुक्रवार टाळा. मात्र बीपी टिकवायला औषध चालू असेल आणि डॉक्टर थांबा म्हणाले, तर ते थांबणं योग्य आहे, तिथे वाद घालू नका.

घरी आल्यावरचं एक राहिलं. आतड्यात जठरासारखी साठवायला जागा नसते. सिरिंजने भराभर ढकललं की पोटात कळा येतात, जुलाब होतात. फीड हळूहळूच जाऊ द्या आणि डोक्याकडची बाजू उंच ठेवा. आत्याने गाळून आणलेलं मुगाचं वरण मी नळीत घातलं नाही, तिला वाईट वाटलं तरी. ती नळी बारीक असते, लगेच तुंबते. गोळ्यांऐवजी पातळ औषध मिळतं का ते विचारा. आणि प्रत्येक फीडच्या आधी नि नंतर नळीत कोमट पाणी; रात्री दोनला झोप अनावर झाली तरीही.