दोन राज्यांच्या चिठ्ठ्या

निपाणी, बुधवार

दवाखाना आटोपल्यावर अमेरिकेतील औषधनोंद-प्रणालीविषयी वाचत बसलो. तेथे अफूवर्गीय वेदनाशामकांची आणि झोपेच्या गोळ्यांची विक्री राज्याच्या नोंदीत जाते व अनेक राज्यांत संगणक डॉक्टरांपुढे ००० ते ९९९ असा धोक्याचा आकडा मांडतो. किती डॉक्टरांनी लिहिले, किती दुकानांतून घेतले, मात्रा किती, यांवर तो बेततो. त्याचा शेवटचा अंक मात्र केवळ चालू चिठ्ठ्यांची संख्या सांगतो, हे ठाऊक नसलेला डॉक्टर ४६१ आणि ४६३ यांत नसता अर्थ शोधील.

'अनेक डॉक्टर' हा निकष आमच्याकडे लावला, तर अर्धा चंदगड तालुका संशयित ठरेल. हाडांसाठी मिरज, तापासाठी संकेश्वर, मोठ्या तपासणीसाठी बेळगाव. यात लबाडी नसते, एस.टी. कुठली मिळते एवढाच प्रश्न असतो. आपल्या औषध नियमांतील एच-१ अनुसूचीनुसार, म्हणजे जादा नियंत्रणाखालच्या औषधांच्या यादीनुसार, दुकानदाराने डॉक्टर, रुग्ण, औषध व प्रमाण वेगळ्या वहीत लिहून ती तीन वर्षे जपायची असते, पण मिरजेची वही बेळगावच्या दुकानदाराला कशी दिसणार?

मात्रेचा आकडाही वाटतो तितका निर्मळ नाही. ट्रामाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेणाऱ्याची मात्रा, अशी औषधे मॉर्फिनच्या मापात मोजणाऱ्या २०१६च्या अमेरिकी कोष्टकाप्रमाणे, १५ मिलिग्रॅम मॉर्फिनइतकी भरत होती. २०२२ मध्ये गुणक ०.१ वरून ०.२ झाला आणि त्याच गोळ्या ३० भरू लागल्या. माणूस तोच, गोळ्या त्याच.

आज विड्या वळणाऱ्या एक आज्जी आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत मिरजेचे ट्रामाडॉल होते आणि नाव कापले गेलेल्या पट्टीचा तुकडा, जो सुनेने आणलेल्या बेळगावच्या चिठ्ठीवरून अल्प्राझोलाम या चिंता-झोपेवरच्या गोळीचा निघाला. डॉक्टर दोनच, मात्रा बेताची. असा आकडा संगणकाने कदाचित फारसा मनावर घेतला नसता. पण वय, जुना दमा आणि श्वास मंदावणारी ही जोडी एकत्र पाहिल्यावर मला तरी स्वस्थ बसवेना. अल्प्राझोलाम एकदम तोडले तर झटके येऊ शकतात, म्हणून ते टप्प्याटप्प्याने उतरवण्याचे वेळापत्रक सुनेला लिहून दिले, दोन्ही डॉक्टरांना फोन केले, आणि आज्जी दिवसा पेंगू लागल्या किंवा हाकेला ओ देईनाशा झाल्या तर सकाळची वाट न पाहता थेट इस्पितळात न्यायला सांगितले. बेळगावच्या डॉक्टरांना ट्रामाडॉलची कल्पनाच नव्हती.