वेस्ट बेचा पिवळा कडा आणि विच फार्मच्या विहिरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, वेस्ट बे नावाचं छोटं बंदर आहे. त्याच्या पूर्वेला किनाऱ्यावरून सरळसोट उठलेला पिवळाधमक कडा. लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. मी गेले ती त्याच्या अंगावरच्या आडव्या पट्ट्या बघायला. मऊ वाळूचा थर, त्यावर पुढे आलेला कठीण थर, पुन्हा मऊ, पुन्हा कठीण.

हा ज्युरासिक काळातला ब्रिडपोर्ट वालुकाश्म. इथून पूर्वेला साधारण 50 किलोमीटरवर, पूल हार्बरच्या काठाशी, विच फार्मचं तेलक्षेत्र आहे. तिथे हाच खडक सुमारे 900 मीटर खोल गाडलेला आहे, आणि 1973 मध्ये त्यातच तेल सापडलं. (मोठा साठा पुढे आणखी खालच्या शेरवुड वालुकाश्मात मिळाला, पण तो इथे दिसत नाही.)

माझं काम वेल लॉग वाचण्याचं. विहिरीत सोडलेलं उपकरण खडकाचे गॅमा किरण, घनता, ध्वनीचा वेग मोजत वर येतं. अशा वाळूत घनतेची रेघ मध्येच उसळते: तिथे कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाने दाणे घट्ट चिकटवलेले, सच्छिद्रता जवळपास संपलेली. कड्यात पुढे आलेले कठीण थर ते हेच. पण हा पट्टा किती लांब पसरलाय? शेजारच्या विहिरीतली उसळी त्याचीच की दुसऱ्याची? तेल वरखाली सरकणार की अडणार, हे त्यावर ठरतं. धान्याच्या पोत्यात नळी खुपसून काढलेल्या मूठभर दाण्यांवरून अख्ख्या गोदामाचा अंदाज बांधावा, तसं हे.

कड्यासमोर ओहोटीच्या वाळूतून चालत एकेक पट्टा नजरेने धरून ठेवला. काही नजर पोचेल तिथवर अखंड होते. काही मात्र तुटत तुटत सुट्या गाठी होऊन संपले. लॉगवर दोन्हींची उसळी सारखीच दिसली असती!

गॅमा किरण मोजणाऱ्या हातातल्या स्पेक्ट्रोमीटरने खडकातलं पोटॅशियम, युरेनियम, थोरियम मोजत कड्याचाही गॅमा आलेख काढता येतो, आणि तो विहिरीच्या आलेखाशेजारी ठेवून ताडता येतो. पण इथे कड्याला खेटून उभं राहायचं नाही. 2012 मध्ये जवळच बर्टन ब्रॅडस्टॉकला दरड कोसळून एका तरुणीचा जीव गेला. शिवाय उघड्यावरचा खडक ऊन-पावसाने बदललेला असतो. हा पिवळा रंग गंजलेल्या लोहाचा. ताजा खडक निळसर करडा असतो. त्यामुळे इथली सच्छिद्रता उचलून 900 मीटर खाली लावणं मला पटत नाही. पट्ट्यांची लांबी, जाडी, त्यांच्यातलं अंतर घ्यावं. सच्छिद्रतेचे आकडे विहिरीचेच वापरावेत.

आणखी एक गोष्ट. उत्तरेच्या कॉट्सवोल्ड टेकड्यांपासून दक्षिणेकडे येताना ही वाळू वयाने लहान होत जाते, हे बकमन या भूवैज्ञानिकाने अमोनाइटच्या (नामशेष झालेल्या, गुंडाळलेल्या शंखाच्या समुद्री प्राण्यांच्या) जीवाश्मांवरून 1889 मध्येच दाखवलं. म्हणजे दूरदूरच्या विहिरींतला वाळूचा माथा एका रेघेने जोडला, तर ती रेघ खडकाची होते, काळाची नाही. काळासाठी अमोनाइट हवेत, आणि वीतभर रुंद विहिरीत एखादा धड अमोनाइट हाती लागणं हा नशिबाचा भाग.